गैरहजेरीचा रकाना

रस्ता ओलांडायला ती उभी होती, काखेत लाँड्रीतून आणलेल्या चादरींचं गाठोडं होतं, आणि फोन वाजला. पलीकडे आकडेवाला होता. तो संस्थेचा संख्याशास्त्रज्ञ, पण तिथे त्याला सगळे आकडेवालाच म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. डॉक्टरांच्या घोळक्यात खरं बोलणारा आपण एकटाच, असं त्याचं म्हणणं होतं. एरवी त्याचा फोन म्हणजे आधी हवेवर दोन वाक्यं, मग तिच्या आईची चौकशी, मग घसा खाकरणं, आणि मग काय ते काम. आज त्यातलं काही नाही. "पिवळी," तो म्हणाला. मग तिला ऐकू गेलं नसावं असं वाटून, "पिवळ्या पट्टीत औषध होतं, डॉक्टरबाई. पिवळ्या." आणि त्यानं फोन ठेवून दिला, त्यालाही पुढचं बोलवत नसावं. समोर हिरवा दिवा लागला. माणसं चालायला लागली, तिच्या खांद्याला पिशव्या घासत, मागून "चला की हो" म्हणत. तिला पाऊल उचलेना. दिवा लाल झाला, गाड्या सुरू झाल्या, पुन्हा थांबल्या, पुन्हा हिरवा. सगळं विलक्षण स्वच्छ दिसत होतं. डांबरावर सांडलेल्या तेलाचे रंग, समोरच्या दुकानाच्या पाटीवरचं एक उडालेलं अक्षर, बसच्या काचेला नाक लावून बसलेल्या माणसाच्या नाकाचं चपटं पांढरं टोक. मोतीबिंदू काढल्यावर दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली की रुग्ण म्हणतात ना, अहो, सगळं धुऊन ठेवलंय कोणीतरी, तसं. हे वाक्य तिनं हजार वेळा ऐकलं होतं आणि हजार वेळा हसून मान डोलावली होती. ते कौतुक नसतं, त्यात जरा भीतीही असते, हे तिला आत्ता कळत होतं.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" कोणीतरी विचारलं. भाजीची पिशवी घेतलेली साठीची एक बाई होती.

"नाही, बरी आहे मी. कोणी मेलं नाही," ती म्हणाली.

बाईनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"म्हणजे, मेली असती, ती मेली नाहीत."

"बरं झालं की मग," बाई म्हणाली, आणि अशा माणसांची सवय असल्यासारखं तिनं गाठोडं स्वतःच्या काखेत मारलं, तिचा कोपर धरला आणि पुढच्या हिरव्या दिव्याला तिला पलीकडे नेऊन एका बाकावर बसवलं. "घरी फोन करा कोणाला तरी," असं बजावून निघून गेली. ती बसून राहिली. मांडीवर चादरी अजून गरम होत्या.

मुळात हा सगळा खटाटोप डोळ्यांसाठी होता, आणि ती हाडाची डोळ्यांची डॉक्टर. पंचवीस वर्षांपूर्वी, शिकाऊ असताना, एका दूरच्या शिबिरात तिच्यासमोर एक म्हातारी येऊन बसली होती. कमरेला दोऱ्यानं एक चिमटा बांधलेला, घासून घासून चकचकीत झालेला. चिमटा कशाला, असं विचारल्यावर म्हातारीनं एका बोटानं स्वतःची पापणी वर केली. पापणीचे केस आत वळले होते, बुबुळावर टेकले होते, आणि डोळा मिटला-उघडला की ते बुबुळावरून झाडूसारखे फिरत होते. दिवसातून किती हजार वेळा माणूस डोळा मिटतो ते ती पुस्तकात शिकली होती. त्या दिवशी तिला तो आकडा दुखला. "नात उपटून देते," म्हातारी म्हणाली, "तिचे हात बारीक आहेत." हा सगळा खुपऱ्यांचा प्रताप. लहानपणी पापणीच्या आत बारीक दाणे उठतात, डोळे चिकटतात, आई पुसते, त्याच फडक्यानं दुसऱ्या पोराचं तोंड पुसते, माश्या राहिलेलं काम करतात. एकदा झालं तर काही नाही. वीस वेळा झालं की पापणी आतून आखडत जाते आणि पन्नाशीत कमरेला चिमटा येतो. रोग म्हणावा तर इतका हळू की त्याला रोग म्हणायचीही लाज वाटावी. तेव्हापासून ती देशोदेशींच्या पोरांच्या पापण्या उलटत आली होती. पापणीच्या कडेला अंगठा, वर एक बोट, जरासा दाब, आणि आतला गुलाबी मऊ भाग उजेडात. रडण्याआधी पोर एक क्षण आश्चर्यानं गप्प होतं. तेवढ्याच क्षणात बघून घ्यायचं असतं.

चार वर्षांपूर्वी त्यांनी नदीच्या दोन्ही बाजूंची सहाशे गावं घेतली. त्या मुलखात खुपऱ्या ओसरत आल्या होत्या. गोड औषधाचा जो चमचा सहा महिन्यांनी एकदा पोरांना द्यायचा, तो अजून द्यावा की थांबवावा, एवढाच प्रश्न होता. उगाच औषध ओतत राहिलं की जंतू त्याला सरावतात, मग तेच औषध खऱ्या गरजेला पाठ फिरवतं, ही भीती होती. म्हणून निम्म्या गावांना औषध आणि निम्म्यांना तसाच रंग, तसाच वास, तशीच चव असलेलं नुसतं गोड पाणी. शेजारशेजारच्या गावांचे गट केले आणि कोणत्या गटाला काय, ते संगणकानं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. एका बाटलीवर पिवळी पट्टी, दुसरीवर जांभळी. कोणत्या पट्टीत काय हे वाटणाऱ्यांना माहीत नाही, पिणाऱ्यांना नाही, तिला नाही, आकडेवाल्यालाही नाही; ते एका पाकिटात, आणि पाकीट देखरेख समितीकडे. आयांना सगळं समजावून सांगितलं होतं, अंगठे-सह्या घेतल्या होत्या. ज्या पोराचे डोळे खरंच बिघडलेले दिसले त्याला वेगळं मलम दिलं होतं. सगळं नियमात होतं. घरोघरचं नोंदपत्रक तिनंच बसून आखलं होतं, सोळा रकान्यांचं. सतरावा शेवटी घातला, तोही कंटाळत. पोर यादीत आहे आणि चमच्याला आलं नाही, तर का आलं नाही ते कळायला हवं, नाहीतर भागाकार चुकतो. गैरहजेरीचा रकाना. त्यात तीनच गोष्टी लिहायच्या: बाहेरगावी गेलं, गाव सोडलं, वारलं.

महिन्यापूर्वी एका दुपारी आकडेवाला तिच्या खोलीत आला, दार लावून घेतलं आणि खुर्ची असून बसला नाही. "डोळ्यांचं बरं-वाईट नंतर सांगतो," तो म्हणाला. "सतरावा रकाना तुमच्याच डोक्यातला ना?" ती म्हणाली, "हो. का, चुकला?" त्यावर त्यानं कागद पुढे केला. कागदावर दोनच ओळी होत्या. जांभळी पट्टी, चार वर्षांत वारलेली मुलं, एक हजार तीनशे बारा. पिवळी पट्टी, एक हजार एकशे सव्वीस. दोन्हीकडे मुलं जवळजवळ सारखी. तिनं वजाबाकी मनात केली आणि मग उगाचच बोटांवर केली. एकशे शहाऐंशी.

"योगायोग असेल," ती म्हणाली.

"तीनदा मोजलं. योगायोग असता तर मी दार कशाला लावलं असतं?"

"मग औषध कोणत्या बाटलीत होतं?"

"ते पाकिटात. सगळं तपासून, सह्या होऊन, महिन्यानं उघडतील. तोवर मी गप्प आणि तुम्हीही गप्प."

तो महिना तिचा जीव टांगणीला लागला होता. कारण वजाबाकी कोणत्याही बाजूनं वाचता येत होती. पिवळ्यात औषध असेल तर एकशे शहाऐंशी मुलं जगली, डोळ्यांच्या औषधानं, जे कोणी मागितलं नव्हतं, कोणाच्या स्वप्नात नव्हतं. जांभळ्यात असेल तर एकशे शहाऐंशी मुलं त्या चमच्यानं मेली, आणि चमचा तिनं भरला होता. खऱ्या अर्थानंच, पहिल्या दिवशी पहिल्या गावात पहिला चमचा तिनं स्वतः एका मुलाच्या तोंडात घातला होता आणि फोटोसाठी हसली होती. त्या गावाची पट्टी कोणती होती ते तिला आठवत नव्हतं, आणि ती कपाटातून कागद काढून बघतही नव्हती. तिला नव्यानं कळलं की एकशे शहाऐंशी हा आकडा आपल्याला दिसत नाही. पन्नासपर्यंत दिसतं, एक वर्ग भरतो. पुढे धुकं. संस्थेच्या लिफ्टमध्ये पाटी होती, आठ माणसं. तिनं हिशोब केला: तेवीस फेऱ्या आणि वर दोन. मग रोज लिफ्टचं दार उघडलं की तिला आत आठ मुलं उभी दिसायची, उंचीनुसार, पापण्या मिटून. ती जिन्यानं जायला लागली. पाचवा मजला, एकावन्न वर्षांचे गुडघे. शिपाई म्हणाला, "बाई, व्यायाम सुरू केला वाटतं." ती म्हणाली, "हो, डॉक्टरांनी सांगितलंय," आणि तो खो खो हसला.

आणि आता पिवळी. बाकावर बसल्या बसल्या तिनं ती वजाबाकी पुन्हा केली, फक्त या खेपेला उत्तराला तोंड होतं. आनंद झाला असं म्हणता आलं नसतं. आनंदाला काहीतरी धरायला लागतं. इथे धरायला काही नव्हतं. जे झालं नाही ते होतं. कुठेतरी एका घरात एक पोर आत्ता, या मिनिटाला, चिखलात बसून काहीतरी तोंडात घालत असेल आणि त्याची आई त्याच्या पाठीत धपाटा घालत असेल, आणि तो धपाटा जगात असणारच नव्हता मुळी. तो आला कुठून? औषधानं नेमकं काय केलं, छातीतले जंतू मारले की पोटातले, हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं, पुढची दहा वर्षं त्यात जाणार होती. तिनं डोळ्याच्या दाराशी औषध ठेवलं होतं. ते आत जाऊन, तिला न विचारता, सगळं घर सांभाळून आलं होतं.

घरी आई खिडकीशी बसून बटणं लावत होती. आई त्र्याऐंशी वर्षांची. सुईत दोरा अजून स्वतः ओवायची आणि मुलगी डोळ्यांची डॉक्टर आहे त्याचं श्रेय यात कुठेच नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तिनं आईला सगळं सांगितलं, पट्ट्या, पाकीट, एकशे शहाऐंशी. आईनं दोरा दातानं तोडला.

"कोणती वाचली?"

"ते नाही कळत, आई."

"म्हणजे काय? तुम्ही एवढी शिकलेली माणसं."

"एकूण कमी मेली एवढंच कळतं. जी वाचली ती आजारी तरी पडली होती की नाही, कोण जाणे. त्यांना माहीत नाही, त्यांच्या आयांना माहीत नाही. कोणालाच कधी कळणार नाही."

आईनं लावलेलं बटण ओढून बघितलं. तिच्या जन्माआधी आईला एक मुलगा झाला होता आणि चौदा महिन्यांचा होऊन गेला होता. घरात त्याचा विषय निघत नसे. फक्त कुठलाही अर्ज भरताना, बँकेत, दवाखान्यात, 'मुलं किती' या प्रश्नापुढे आई 'दोन' लिहायची. लहानपणी तिला त्याचा राग यायचा. ती आईच्या हातातून पेन ओढून घ्यायची आणि दोनचा एक करायची. कारकून वर बघायचे. आई ओशाळून हसायची आणि पुढच्या अर्जावर पुन्हा दोन लिहायची.

"तुझ्या भावाला तीन दिवस ताप होता," आई म्हणाली. "चौथ्या दिवशी उतरला असता ना, तर आज मला तो ताप आठवलाही नसता." तिनं सुई गादीला टोचून ठेवली. "तशा आया असतील त्या. काही न आठवणाऱ्या." आणि मग, अगदी हळू, जणू फार मोठ्या माणसांबद्दल बोलावं तसं, "किती गं एकशे शहाऐंशी?"

"तेवीस लिफ्ट," ती म्हणाली, आणि दोघीही हसायला लागल्या, आणि मग आईनं डोळे पुसले, आणि तिनं सवयीनं सांगितलं, "फडक्यानं नको, आई, स्वच्छ रुमालानं पूस."

समितीनं तीन आठवड्यांत ठरवलं: आता पट्ट्या नाहीत, सगळ्या सहाशे गावांना औषध. पत्रं निघाली. जांभळ्या गावांतल्या लोकांना सभा घेऊन सांगायचं ठरलं. पण त्याआधी एका माणसाला सांगणं तिला स्वतः करायचं होतं. नदीच्या अलीकडच्या अकरा गावांत चार वर्षं जो घरोघर फिरला, त्याला सगळे पोस्टमनकाका म्हणत, कारण निवृत्त होईपर्यंत तो त्याच अकरा गावांत टपाल वाटत होता. त्याच्या नोंदी सगळ्यांत स्वच्छ. अक्षर असं की पत्ता म्हणून वाचावं. केंद्रावरच्या खोलीत पत्र्याचं टेबल होतं, दोन खुर्च्या, औषधाची खोकी, भिंतीला टेकवलेली उंची मोजायची काठी. इथे चमचा वजनावर नाही, उंचीवर ठरे. तो उभाच राहिला. तिनं बसायला सांगितल्यावर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून.

"काका, तुमच्या गावांत जांभळ्या बाटल्या होत्या."

"चार वर्षं मीच वाटल्या हो, मला काय सांगता?"

"जांभळ्यात औषध नव्हतं."

त्याचं हसू तसंच राहिलं, विसरल्यासारखं. "नुसता गोडवा?"

"नुसता गोडवा."

"पोरं चमचा चाटायची," तो म्हणाला. "शेवटचा थेंब पडला की बाटली मागायची." मग त्यानं विचारलं, आणि तिला वाटत होतंच की तो विचारेल, "आणि तिकडे?" तिनं सांगितलं. सातांत एक, असं सांगितलं. इकडे जिथे सात गेली, तिकडे सहा. तो टोपीची कड बोटांत फिरवत राहिला.

"मी त्रेसष्ट लिहिली."

"हो."

"म्हणजे त्यातली नऊ."

"साधारण नऊ."

"कोणती नऊ?"

आईला दिलं तेच उत्तर तिच्याजवळ होतं, आणि ते या खोलीत अजिबात पुरं पडत नव्हतं. तो तिच्याकडे बघत नव्हता. खिडकीबाहेर रस्त्याकडे बघत होता. आणि मग त्यानं सुरुवात केली. विणकराची धाकटी, दीड वर्षाची, डावा हात चोखायची. खालच्या वाटेवरच्या जुळ्यांतला एक, कानामागे तीळ असलेला, दुसरा आहे. गवंड्याचा मुलगा, कोंबडीला घाबरायचा. वही टेबलावर मिटलेली होती. तो बोलत राहिला. ती आधी मनात मोजत होती, वीसपर्यंत मोजलं, मग मोजणं बंद झालं. तिला वाटलं होतं की ही शिक्षा असेल, आणि ती सोसायची तयारी करून ती आली होती. पण त्याच्या आवाजात शिक्षा नव्हती. तो घरं ओळीनं घेत होता, टपाल वाटताना घ्यायचा तशी, एकही दार न चुकवता, आणि ज्या दाराशी थांबायचं तिथेच थांबत होता. सतरावा रकाना तिनं आखला होता आणि त्यात तिनं फक्त 'वारलं' हा शब्द बघितला होता, एक हजार तीनशे बारा वेळा. त्या प्रत्येक शब्दामागे कोणीतरी असा उंबऱ्याशी उभा राहिला होता, पेन काढून, मान खाली घालून. पाऊण तासानं तो थांबला. त्रेसष्ट झाली असणार. त्यानं आकडा सांगितला नाही.

"आता तिकडची सांगा," तो म्हणाला.

"तिकडची?"

"वाचलेली. एकशे शहाऐंशी."

"त्यांची नावं नाहीत, काका. कोणाजवळच नाहीत."

त्यानं टोपी झटकली. मग पहिल्यांदा सरळ तिच्याकडे बघून म्हणाला, "चाळीस वर्षं टपाल वाटलं, डॉक्टरबाई. पण एवढं बिननावाचं टपाल बरोब्बर पोचलेलं मी कधी बघितलं नाही." आणि टोपी घालून उठला. सभा नको, असं त्याचं म्हणणं पडलं. चमचा घरोघर जाऊन दिला, तर हेही घरोघर जाऊनच सांगायचं. "दार वाजवून आणलेली वस्तू चावडीवर टाकून येत नसतात," म्हणाला. तिनं फोन करून वरिष्ठांना कळवलं की सभा होणार नाही, आणि कारण विचारल्यावर सांगितलं, पोस्टमन नको म्हणतो.

त्याच्याबरोबर ती पाच दिवस फिरली. नव्या बाटल्यांवर पट्टी नव्हती. प्रत्येक दाराशी तो आधी सांगायचा, आडपडदा न ठेवता: आमच्या बाटलीत औषध नव्हतं, दुसऱ्या बाटलीत होतं, चिठ्ठीत आपल्याला ही आली, आता सगळ्यांना खरी. कोणी चिडलं. एका माणसानं बाटली लाथाडली, मग अर्ध्या तासानं पोराला घेऊन मागून पळत आला. बहुतेकांनी दोनदा विचारलं, आता खरी ना? तिनं तिथेच, सगळ्यांदेखत, स्वतः एक चमचा पिऊन दाखवला. गोड तोच होता. तिसऱ्या दिवशी ती दोघं विणकराच्या घरी गेली. आत माग चालू होता. विणकराची बायको बाहेर आली, कडेवर सहा महिन्यांचं मूल, हाताला सूत लागलेलं. पोस्टमनकाकानं सांगितलं. या घरात त्याचा आवाज जरा खाली आला, एवढंच. आतला माग थांबला.

बाई ऐकत होती. मुलाच्या मुठीतून स्वतःचे केस सोडवत होती. "तिकडच्या गावांतली वाचली?" तिनं विचारलं.

"सगळी नाही," डॉक्टरबाई म्हणाली. "पण जास्त वाचली. एकशे शहाऐंशी."

"माझीसुद्धा वाचली असती?"

"असती कदाचित. नसतीही. ते मला सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर सांगितलं असतं."

बाईनं मान हलवली. ती उत्तर तोलत होती, बाजारात कापड बोटांत धरून बघावं तशी. मग तिनं मूल पुढे केलं, उंचीच्या काठीशी आडवं धरलं, कारण त्याला उभं राहता येत नव्हतं, आणि चमचा तोंडात गेल्यावर ते आश्चर्यानं गप्प झालं. डॉक्टरबाईनं सवयीनं त्याच क्षणी त्याची पापणी उलटून बघितली. गुलाबी, स्वच्छ.

"मग त्यांना सांगितलंत का?" बाईनं विचारलं.

"कोणाला?"

"तिकडच्या आयांना. की तुमची वाचली म्हणून."

"कोणाची वाचली तेच माहीत नाही ना."

"मग सगळ्यांनाच सांगा," बाई म्हणाली. यात काय कठीण आहे, अशा आवाजात. आणि आत गेली. थोड्या वेळानं माग पुन्हा सुरू झाला.

सहाव्या दिवशी तिला परतायचं होतं. गाडी दुपारची होती. सकाळी ती नदी ओलांडून पलीकडच्या पहिल्या गावात गेली, एकटी, हातात कागद नाही, भिंग नाही. काम काही नव्हतं. चिठ्ठीत पिवळी पट्टी आलेलं गाव. दिसायला अलीकडच्यासारखंच, तशीच घरं, तशाच शेळ्या, दोरीवर तसेच कपडे. दोन-तीन दारांशी ती थांबली आणि काय सांगावं ते तिला जमेना. एका बाईला ती म्हणाली, "तुमची मुलं बरी आहेत ना?" बाई म्हणाली, "आहेत की. का हो?" आणि तिच्या मागून एका पोरानं जीभ काढून दाखवली. तिला त्या जिभेकडे बघवेना, इतकी ती खरी होती. शेवटी चालत चालत ती शाळेशी आली आणि कुंपणाच्या दगडावर टेकली. पहिल्या चमच्याच्या वेळी तीन-चार वर्षांची असलेली मुलं आता इथे असणार. आतून पाढ्यांचा आवाज येत होता, एक जण मागे पडत होता.

फळ्याचं फडकं धुवायला एक मुलगी बाहेर आली, सात-आठ वर्षांची, पुढचे दोन दात नसलेली. नळाशी तिनं फडकं पिळलं, मग डॉक्टरबाईसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही कोणाला न्यायला आलात?"

"माहीत नाही मला," ती म्हणाली.

"नाव काय त्याचं?"

"नावही माहीत नाही."

"मुलगा आहे का मुलगी?"

"तेही नाही माहीत."

मुलीनं तिला नीट न्याहाळलं. मोठ्या माणसांच्या अडाणीपणाची तिला कीव आली असावी. "मग थांबा," ती म्हणाली. "सगळे सुटले की कळेल." आणि तीही तिथेच थांबली, ओल्या फडक्यातून पायांवर पाणी ठिबकत.

घंटा झाली. दार उघडलं आणि मुलं बाहेर उसळली, एकमेकांना ढकलत, किंचाळत, एका पायात चप्पल आणि एक हातात, दप्तरं डोक्यावर. ती उठून उभी राहिली.

"हा?" मुलीनं बोट दाखवलं.

"असेल."

"ही?"

"हीसुद्धा असेल."

"तो लंगडी घालतोय तो?"

"तोही."

मुलगी बोट दाखवत राहिली आणि ती म्हणत राहिली, असेल, असेल, आणि प्रत्येक वेळी त्या चेहऱ्याकडे बघत, एकही न गाळता. रडणं म्हणजे डोळे भरणार, आणि डोळे भरले की दिसणार नाही, म्हणून ती रडली नाही. धूळ उडत होती. धुळीत पाय होते, हात होते, कोणीतरी कोणाचा तरी शर्ट ओढत होतं.

"एवढ्या सगळ्यांना तुम्ही एकट्या कशा नेणार?" मुलीनं विचारलं.

"न्यायचं नाही गं. नुसतं बघायचं होतं."

"बघा मग," मुलगी म्हणाली, आणि ओलं फडकं डोक्याभोवती गरागरा फिरवत त्या घोळक्यात पळाली; आणि थोड्याच वेळात, त्या सगळ्या पळणाऱ्या पाठींमध्ये तिची पाठ कोणती, हे डॉक्टरबाईला सांगता येईना.